गोदाक्काचे मोजे

“बिरनाळे बाई, तुमच्या घरच्या आरशावर आत्ता टिकल्या चिकटवलेल्या असतील की नाही?”

“असतील की,” शैलजा बिरनाळे म्हणाल्या.

“रात्री काढून आरशाला लावायची आणि सकाळी तीच परत कपाळाला. बरोबर?”

“सगळ्याच बायका तसं करतात.”

“सगळ्यांचं राहू द्या. तुम्ही एक टिकली किती दिवस चालवायचा?”

“चिकटतीय तोवर.”

मंचात हशा पिकला. अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या महिला सदस्यांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला आणि परत टेबलावर आला. माझ्याही न्हाणीघरातल्या आरशावर टिकल्यांची रांग होती, आणि त्या माझ्याच अशिलाच्या कारखान्यातल्या होत्या. पण वकिलाला आपला आरसा घरी ठेवून यावा लागतो. मी लिहून घ्यायला सांगितलं की तक्रारदार एकच टिकली गोंद संपेपर्यंत वापरत होत्या, म्हणजे वस्तू वापरायची तशी वापरलीच नाही.

ही गोष्ट सांगलीच्या जिल्हा ग्राहक मंचातली, वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या भागात कुणाचा कुकर फुटला, केसांच्या रंगानं कुणाची टाळू भाजली, डासांच्या अगरबत्तीनं कुणाला धाप लागली, की गिऱ्हाईक तोरो नावाच्या वकिलांकडे जायचं आणि कंपनी माझ्याकडे यायची. मला ते काम मनापासून आवडायचं. एखाद्याला काहीतरी झालं हे दिसत असतं, पण ते कशानं झालं हे सिद्ध करावं लागतं, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत मी सुखानं राहत असे. बाररूममध्ये म्हणायचे, बाईंचं आडनाव गुळवणी, पण उलटतपासणीला मिरचीपाणी.

या खटल्यात फट मोठी होती. शैलजाबाईंच्या कपाळावर, भुवयांच्या मध्ये, पांढरा डाग पडला होता. टिकली त्यांनी सोडली होती आणि ओलं कुंकू लावायला लागल्या होत्या, पण डाग कुंकवापेक्षा मोठा. त्यामुळे लाल कुंकवाभोवती पांढरं कडं दिसायचं, आणि बोलणाऱ्याची नजर तिथंच अडकायची. त्या म्हणत होत्या, हे टिकलीच्या गोंदानं झालं. आम्ही म्हणत होतो, हे कोड आहे, अंगातनं येतं, टिकलीचा काही संबंध नाही.

नुकसानभरपाई त्यांनी मागितली होती, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती सगळ्या कोर्टाला ठाऊक होती. त्यांची मुलगी वैजयंती हिचं जयसिंगपूरला जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी आईचं कपाळ पाहिलं आणि सुपारी थांबवली. नाही म्हणाले नाहीत. “मंचाचा निकाल लागू दे, मग बसू,” असं म्हणाले. निकालात टिकली आली तर लग्न होणार होतं. कोड आलं तर मुलीला जयसिंगपूरच काय, कुठलंच स्थळ उरणार नव्हतं. मुलाचा मामा दर तारखेला मागच्या बाकावर येऊन बसायचा, पिशवी मांडीवर घेऊन. भाजी घ्यायला आलेल्या माणसानं भाव ऐकत बसावं तसा.

तोरोवकिलांनी मिरजेचे कातडीचे डॉक्टर रेठरेकर साक्षीला आणले होते. सज्जन माणूस, पण फार बोलायचा.

“अशा गोंदातल्या रसायनानं कातडीचा रंग मरतो,” ते सांगत होते. “डाग अगदी वस्तूच्या आकाराचा पडतो. या जातीची रसायनं रबरातही असतात. रबरी चपलांचे पट्टे पायावर जसेच्या तसे पांढरे उमटलेले मी पाहिलेत.”

“डॉक्टर,” मी म्हटलं, “खटला कपाळाचा आहे. तुम्ही पायावर कुठं उतरलात?”

पुन्हा हशा. डॉक्टर ओशाळले. मी खूश होऊन खाली बसले.

त्यानंतर मगदूम माझ्या ऑफिसात आले. देवेंद्र मगदूम म्हणजे माझे अशील. वडिलांनी घरात सुरू केलेला टिकल्यांचा धंदा त्यांनी पार नागपूरपर्यंत नेला होता. माणूस मऊ बोलायचा आणि पक्का होता.

“ताई, घबाड सापडलं,” ते म्हणाले. “बिरनाळे बाईंची सख्खी थोरली बहीण आहे. गोदाक्का. मिरजेला भावाकडं असते. पायाला कोड आहे. त्यामुळं लग्नच झालं नाही.”

“कुणी सांगितलं?”

“आमचा मिरजेचा एजंट त्याच गल्लीत राहतो. बारा महिने मोजे घालते म्हणे, वैशाखातसुद्धा. ते अंगठ्याचे असतात बघा, तसले. घरच्यांनी आजवर कुणाला पाय दाखवला नाही.”

सख्ख्या बहिणीला कोड, म्हणजे रक्तातच आहे. खटला तिथंच संपत होता. मी गोदाक्काला साक्षीचं समन्स काढायचा अर्ज दिला. तोरोवकिलांनी जोरात विरोध केला, आणि त्यांचा आवाज चढला तेव्हाच मला कळलं की एजंटची बातमी खरी आहे. मंचानं समन्स काढलं. शैलजाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग कमी आणि भीती जास्त होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण वाईट वाटणं आणि काम थांबवणं ह्या दोन गोष्टी मी तेव्हा वेगवेगळ्या खणांत ठेवत होते.

तारखेच्या दिवशी मंचाच्या व्हरांड्यात गर्दी होती. मगदूम लवकर आले होते, मामाही आत आपल्या बाकावर होता, डॉक्टर रेठरेकर खिडकीशी पेपर वाचत होते. मी महिला वकिलांच्या खोलीकडे निघाले होते, तेवढ्यात चहावाल्याला कुणाचा तरी धक्का लागला आणि त्याच्या किटलीतला चहा एका बाईंच्या पायावर सांडला. बाई ओरडल्या नाहीत. नुसतं “आई गं” म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

मी त्यांचा दंड धरून त्यांना आमच्या खोलीत नेलं. खोली कसली, प्लायवुडनं अडवलेला कोपरा. एक नळ, एक खुंटी, दोन खुर्च्या.

“मोजा काढा लवकर, भाजेल,” मी म्हटलं.

म्हणताना माझं लक्ष मोज्याकडे गेलं. करडा, अंगठा वेगळा असलेला मोजा. बाहेर ऊन रणरणत होतं. मी ओळखलं.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. काळा कोट पाहिला, एवढंच.

“कडी लावा, बाई,” त्या म्हणाल्या.

मी कडी लावली. त्यांनी मोजा सोलून काढला आणि पाय नळाखाली धरला. मी तांब्यानं पाणी घातलं. पाय सावळा, हाडकुळा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून एक पांढरी पट्टी निघाली होती आणि पावलावर येऊन दोन्ही बाजूंना फाकली होती. कडा सरळ, सुरीनं कापल्यासारख्या. पट्ट्यांच्या बाहेर कुठंही, घोट्यावर नाही, पोटरीवर नाही, पांढरा ठिपकासुद्धा नव्हता.

ती चप्पलच होती. पायातनं काढलेली, तरी पायात राहिलेली.

“दुसऱ्या पायालाही असंच आहे?” मी विचारलं.

“जुळंच हायत,” त्या म्हणाल्या. “भाजलंय फार?”

“नाही. लाल झालंय. कधीपासून आहे हे?”

“शाळा सुटली त्या वर्षापासनं. रबरी चपला नव्या निघाल्या होत्या बघा तवा. दादानं कोल्हापुरातनं आणल्या. गल्लीत पैल्या माझ्याच. मी झोपताना उशाला ठेवायची.” त्या जराशा हसल्या. “त्याच साली हे सुरू झालं. नशीब काय, एका हातानं चप्पल दिली आणि दुसऱ्या हातानं पाय घेतला.”

“डॉक्टरला दाखवलं नाही?”

“डॉक्टरला दाखवलं असतं तर गावाला कळलं असतं. आईनं मोजे आणले. म्हणाली, झाकली मूठ. मग मोजे आणि वरनं चप्पल. पट्ट्यानं मोजा घट बसतो.”

म्हणजे इतकी वर्षं त्या पायाकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. झाकायचं ठरवलं त्या दिवशीच घरानं बघायचं सोडलं होतं. हे त्यांना तिथंच सांगून टाकावंसं वाटलं. पण मी विरुद्ध बाजूची वकील होते, आणि ही माझीच साक्षीदार होती.

“बाई, मला अजून काही सांगू नका,” मी म्हटलं. “मी कमल गुळवणी. मगदूमांची वकील.”

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत.

“म्हंजे हे तुमालाच दाखवायचं होतं काय मला?” त्या म्हणाल्या. “मग बघितलं की. आता तिकडं सगळ्यांपुढं कशाला काढायचं?”

उलटतपासणीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

“पोरीचा मामेसासरा बसलाय तितं,” त्या म्हणाल्या. “मी सकाळपासनं देवाला सांगतीय, मला काय बी होऊ दे, पण हितं येऊ देऊ नको. बसच चुकली न्हाई.”

मी माझा रुमाल त्यांच्या पायाला गुंडाळायला दिला आणि बाहेर येऊन मगदूमांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

“साक्षीदार सोडून देऊ,” मी म्हटलं. “आणि तडजोड करू.”

“काय झालं? पाय चांगला निघाला?”

“पाय पांढराच आहे. पण चपलेच्या आकाराचा. डॉक्टर मागं काय म्हणाले होते आठवतंय? ते आत बसलेत. मोजा निघाला की तोरोवकील म्हणणार, डॉक्टरसाहेब, जरा पुढं येऊन बघा. मग काय होईल?”

मगदूमांनी मंचाच्या दाराकडे पाहिलं.

“आज फक्त एक डाग आहे, तुमच्या टिकलीचा, आणि त्यावर वाद आहे,” मी म्हटलं. “संध्याकाळी दोन बहिणींचे दोन डाग होतील, दोन्ही वस्तूंच्या आकाराचे. कोडाचा आपला मुद्दा आपणच आपल्या हातानं पुरलेला असेल. उद्या पेपरात येईल ते वेगळंच.”

“पण ताई, बघणाऱ्याला पांढरा पाय दिसणार. आकार कोण बघतंय? तुम्ही बघितला म्हणून काय सगळे बघणार?”

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांच्या लक्षात आलं असतं की नसतं, मला आजही ठाम सांगता येणार नाही. घरच्यांना तीस वर्षांत दिसलं नव्हतं, मंचाला पाच मिनिटांत दिसेलच असं नव्हतं.

“मी बघितलाय,” मी म्हटलं. “आता मला तो दिसला नाही असं धरून मंचापुढं कोड आहे म्हणता येणार नाही. ते काम मी करत नाही.”

“तुम्ही नक्की कुणाच्या वकील?”

“तुमचीच. म्हणून आत जायच्या आधी सांगतेय. धोका घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. घ्यायचा असला तर वकीलपत्र दुसऱ्याला द्या.”

त्यांनी कठड्यावरून खाली आवारात पाहिलं. सायकली लावलेल्या होत्या, एक कुत्रं सावलीत झोपलं होतं. मगदूम वाईट माणूस नव्हते. कारखान्यात दीडशे बायका पाकिटं भरत होत्या आणि रात्री झोप त्यांना त्याच काळजीनं येत नसे.

“भरपाई किती मागतील?” त्यांनी विचारलं.

“तोरोंना विचारते.”

तोरोवकील पान जमवत होते. मी तडजोडीचं नाव काढल्यावर त्यांचा हात थांबला. ते शैलजाबाईंकडे वळले, पण त्यांनी काही विचारायच्या आधीच त्या बोलल्या.

“मला पैसे नकोत. हे कोड नाही, एवढं लिहून द्या.”

“अहो बाई, थोडी घासाघीस तरी करू द्या,” तोरो म्हणाले.

“नको. आणि आक्काला खुर्चीवर बसवायचं नाही.”

मग एका वाक्यासाठी आमची तासभर ओढाताण झाली. मगदूम म्हणत होते, टिकलीनं झालं असं लिहिलं तर धंदा बसेल. तोरो म्हणत होते, टिकली नसेल तर वाक्याला अर्थ नाही. शेवटी पुरसिस, म्हणजे तडजोडीचा कागद, माझ्या हातानं लिहिली गेली: काही व्यक्तींच्या कातडीला टिकलीचा गोंद सोसत नाही, तक्रारदारांच्या कपाळावरचा डाग अशा बाह्य संपर्काने आलेला असून तो आनुवंशिक आजार नाही, हे उभय पक्षांना मान्य आहे, कंपनी गोंद बदलेल, तक्रारदार भरपाईची मागणी सोडत आहेत. मगदूमांनी दोनदा वाचून सही केली. अध्यक्षांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि निकाल दिला. मागच्या बाकावरचा मामा उठला, पिशवी काखेत मारली आणि शैलजाबाईंना म्हणाला, “नक्कल मिळाली की एक आमच्याकडं पाठवा. रविवारी येतो आम्ही.”

शैलजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी कागद गोळा करायच्या निमित्तानं मान खाली घातली.

सगळे पांगल्यावर मी आमच्या खोलीत गेले. गोदाक्का तिथंच खुर्चीवर बसून होत्या, उघडा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. मोजा त्यांनी धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घातला होता. मी दार लावलं.

“झालं. तुम्हाला कुणी बोलावणार नाही. लग्न होईल.”

त्यांनी हात जोडले. मला नव्हे, वर कुठंतरी.

आता खटला संपला होता आणि मला बोलायला मोकळीक होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि बोटानं ती पट्टी दाखवली.

“गोदाक्का, हे कोड नाही. नीट बघा. हा चपलेचा पट्टा आहे. त्या रबरातल्या औषधानं रंग गेलाय. कपाळावर टिकलीनं झालं, तसंच. तुमच्या अंगात काही दोष नव्हता. कधीच नव्हता.”

त्या बघत राहिल्या. मग वाकून पट्टीवरनं बोट फिरवत नेलं, अंगठ्यापासून पावलापर्यंत, एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं. बाहेर टाइपरायटर चालू होता.

“मग मी दावा कुणावर घालू?” त्यांनी विचारलं.

“आता घालता येत नाही. मुदत टळली.”

“कवा?”

“फार पूर्वी.”

त्यांनी मान डोलावली. मला बोलून चूक झाली की काय असं वाटायला लागलं.

“मी शैलजाबाईंना सांगते,” मी म्हटलं. “डॉक्टर रेठरेकर बघतील, तसं लिहूनही देतील. मोजे सुटतील तुमचे.”

“नको.” आवाज पहिल्यांदाच चढला. “शैलाला सांगायचं न्हाई.”

“का? त्यांना आनंदच होईल.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. प्लायवुडच्या फटीतून व्हरांडा दिसत होता. शैलजाबाईंचे यजमान, बिरनाळे, एका हातात बायकोची पिशवी आणि दुसऱ्या हातात गोदाक्कांची पिशवी घेऊन उभे होते. पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ.

“हे मला बघायला आले होते पैल्यांदा,” गोदाक्का म्हणाल्या. “पसंत बी केलं होतं. मग त्यांच्या आत्यानं पाय बघितला. आई म्हणाली, धाकटी हाय, तिच्यात कायबी दोष न्हाई. दादानं शैलाला उभी केली.”

मी फटीतून पुन्हा बिरनाळेंकडे पाहिलं.

“शैलाला वाटतंय, माझं नशीब खोटं होतं म्हणून तिला मिळालं. नशिबाचं कुणाला काय वाटत न्हाई, बाई. चपलेचं कळलं तर तिला घास गिळायचा न्हाई. तिला वाटंल, तिनं माझं घेतलं.” त्यांनी गजावरचा मोजा काढून चाचपला. “एवढी वर्षं सुखानं संसार केलाय तिनं. आता पोरीचं लगीन हाय. कशाला त्यात ही चप्पल?”

दारावर हलकी टकटक झाली. “गोदाक्का, मिरजेची बस लागलीय,” बिरनाळे बाहेरून म्हणाले. “सावकाश या. मी थांबतो.”

“आले,” त्या म्हणाल्या.

मोजा अजून ओला होता. त्यांनी तो अंगठ्यात बसवला, पावलावर ओढला, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. खाली चप्पल सरकवली. मग उठल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. कडी मीच काढली.

मगदूमांनी त्यानंतर मला काम दिलं नाही. गोंद मात्र बदलला. मीही पुढं निराळ्या तऱ्हेचं काम केलं असं नाही. कंपन्यांचीच वकील राहिले आणि बरेच खटले जिंकले. फक्त कुणी काही झाकलंय असं दिसलं, की आधी स्वतः जाऊन बघून यायची सवय लागली.

गेल्या महिन्यात सांगलीच्या स्टँडवर बिरनाळे भेटले. आता काठी घेतात. वैजयंतीला दोन मुलं आहेत, शैलजाबाईंच्या कपाळावरचा डाग बराचसा भरून आलाय, असं सगळं सांगितलं. मग म्हणाले, “गोदाक्का दिवाळीआधी वारल्या.”

“अरेरे. आजारी होत्या?”

“वय झालं. शेवटी शेवटी पाय सुजायचे. शैला म्हणायची, आक्का, आता मोजे काढ, कोण बघतंय? पण नाही. शेवटपर्यंत काढले नाहीत.” ते काठीच्या मुठीवरनं अंगठा फिरवत राहिले. “फार हट्टी होत्या.”

“हो,” मी म्हटलं. “हट्टीच होत्या.”